मांडवात कोण आलं?

एप्रिलमध्ये आमच्याकडची माणसं उजाडायच्या आत जंगलात पोचलेली असतात. मोह रात्रभर गळतो. सकाळी लवकर वेचला नाही तर फुलं उन्हाने वाळतात, नाहीतर रानातली जनावरं खाऊन जातात. सिंदेवाही तालुक्यातल्या आमच्या भागातली एक बाई अशीच टोपली घेऊन गेली होती. सात वाजता गावात ओरडा झाला. वाघाने मारलं होतं. नऊ वाजेपर्यंत आजूबाजूच्या चार गावांनी मूलकडे जाणारा रस्ता अडवला होता.

तिची मुलगी माझ्या हाताखालून शिकून गेलेली. मी पोचले तेव्हा ती ताडपत्रीवर आईच्या पायथ्याशी बसली होती. रडत नव्हती. चादरीचं टोक वाऱ्याने उडू नये म्हणून हाताने दाबून धरत होती. लोकांच्या मागण्या नव्या नव्हत्या. वनविभागाच्या मोठ्या साहेबांनी जागेवर यावं, वाघ पकडण्याचं लेखी द्यावं, घरातल्या एकाला कामावर घ्यावं. मोहाच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात या मागण्या कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर ऐकू येतातच. दोन्ही बाजूंना गाड्या तुंबल्या. धानाचे ट्रक, एसटी, वऱ्हाडाची एक काळीपिवळी, आणि ताडोब्याच्या सफारीला निघालेल्या पांढऱ्या गाड्या.

त्या पांढऱ्या गाड्यांपैकी एकीत मराठी मालिकेत काम करणारी एक अभिनेत्री होती. रोज संध्याकाळी घराघरांत दिसणारी. कोणीतरी ओळखलं. ‘अवो, थे टीव्हीतली हाये’ म्हणता म्हणता निम्मा जमाव तिकडे वळला. मघापर्यंत घोषणा देणारी पोरं मोबाईल उंच धरून काचेला चिकटली. मला संताप आला. चादरीखाली एक बाई निजली होती आणि तिच्याच गावची पोरं फोटोसाठी धडपडत होती.

ती गाडीतून उतरली. मला वाटलं, गाडी सोडा म्हणायला येते आहे. ताडपत्रीच्या कडेला तिने चपला काढल्या आणि माझ्या त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसली. भाषण नाही, घोषणा नाही. कोणीतरी स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं, ते अर्धं तिने घेतलं आणि पेला मुलीच्या हातात दिला. साहेब यायला पाऊण तास लागला. तोवर ती तिथेच होती. रस्ता मोकळा झाला तेव्हा निघून गेली. सफारीला गेली की परत फिरली, आम्हाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात तिच्या नावाचा मथळा होता. मेलेल्या बाईचं नाव चौथ्या परिच्छेदात, तेही चुकीचं छापलेलं. मोबाईलवर तर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. अडकली म्हणून उतरली, नाहीतर कशाला थांबली असती. मालिकेची टक्केवारी घसरली असेल. एवढी माया आहे तर दे पाच लाख. दुसऱ्या बाजूने तिला देवी म्हणणारेही होते. वाघ कुठला, बाई कोणत्या गावची, तिच्यामागे कोण, मोह वेचायला माणसं अजून का जातात, यातलं काहीच त्या गदारोळात नव्हतं. मीही त्यात होते. शाळेतल्या सहकाऱ्यांसमोर मी म्हणाले, ‘रस्ता मोकळा असता तर ती थांबली असती का?’ सगळ्यांना ते पटलं.

तेराव्याला मी त्या घरी गेले. बोलता बोलता मुलगी म्हणाली, ‘मॅडम, भाऊ नागपूरवरून दुपारी आला. तवरी माह्या बाजूला थेच बसून होती.’

तिला आणखी काही सांगायचं नव्हतं. ती उठून चहा ठेवायला गेली. मी मात्र त्या दिवसापासून या एका गोष्टीकडे बारकाईने पाहायला लागले. नावाजलेलं माणूस आंदोलनात दिसलं की आपण कशाबद्दल बोलायला लागतो?

माझं बालपण वरोऱ्याचं. बाबा आमट्यांचं आनंदवन घरापासून सायकलच्या अंतरावर. माझ्या लहानपणी तिथे मोठमोठी माणसं येत. पु. ल. देशपांडे येत, गायक येत, लेखक येत. अख्खं वरोरा ऐकायला जाई. वडील मला सायकलच्या दांड्यावर बसवून नेत. ही माणसं इथे कशाला आली असं विचारताना मी कोणालाही ऐकलं नाही. कुष्ठरोग्यांच्या वस्तीत येऊन जमिनीवर बसणाऱ्या लेखकाबद्दल लोकांच्या मनात नुसतं कौतुक होतं, आणि ते रास्तच होतं. पण तेच पु. ल. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत सभांमधून बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांच्या वाचकांपैकीच काही जण अस्वस्थ झाले. हसवणाऱ्याने हसवावं, हे उद्योग कशाला, असं आमच्या घरी येणारे एक गृहस्थ वडिलांना सांगत होते. मी तेव्हा शाळकरी होते, पण त्यांचा आवाज चढला होता एवढं आठवतं. माणूस तोच होता. वरोऱ्याला येणारा पूज्य होता आणि सभेत बोलणारा खटकत होता.

या फरकाचं कारण मला पुढे फार उशिरा सापडलं. सेवेच्या कामात कोणाकडे बोट दाखवावं लागत नाही. आजारी माणसाला औषध देताना त्याला आजारी कोणी पाडलं हे विचारलं नाही तरी चालतं. आंदोलनात मात्र कोणीतरी काहीतरी केलेलं असतं, किंवा करायचं टाळलेलं असतं, आणि ते नाव घेऊन बोलावं लागतं. मग ज्याचं नाव घेतलं त्याची बाजू धरणारी माणसं उभी राहतात. नाना पाटेकरांनी २०१४ च्या चित्रपटात प्रकाश आमटे उभे केले, पुढच्या वर्षी मकरंद अनासपुरेंबरोबर ‘नाम फाउंडेशन’ काढून ते दुष्काळातल्या शेतकऱ्यांच्या घरी गेले, तेव्हा सगळ्या पक्षांची माणसं त्यांच्याबद्दल चांगलंच बोलली. त्या कामाचं मोल मला पूर्ण मान्य आहे. चित्रपट आल्यावर प्रकाश आमट्यांच्या हेमलकशाला जाणाऱ्यांची वर्दळ किती वाढली हेही मी पाहिलं आहे. पण आमच्या रस्त्यावर बसलेल्या त्या अभिनेत्रीने दुसऱ्या दिवशी मुलीला शिलाई मशीन पाठवलं असतं तर तिलाही कोणी नावं ठेवली नसती. ती मशीन न पाठवता रस्त्यावर बसली. मागणी करणाऱ्यांच्या बाजूला बसली. लोकांना बोचलं ते तिचं हे बसणं.

नर्मदेच्या बाबतीत हे आम्ही घरातच भोगलं. १९९० साली बाबा आमटे सरदार सरोवर धरणाविरुद्धच्या लढ्यासाठी आनंदवन सोडून मध्य प्रदेशात नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. मला तेव्हा एटापल्ली तालुक्यात नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. दिवाळीला घरी आले तर वडील जेवताना गप्प. शेवटी म्हणाले, ‘आपल्या माणसाला तिकडे काय काम होतं?’ तो राग होता, पण मायेचा. म्हातारपणी, पाठीच्या दुखण्याने बसता येत नाही अशा अवस्थेत, आपला माणूस परक्या नदीकाठी जाऊन राहिला याचं त्यांना वाईट वाटत होतं. त्या डिसेंबरात संघर्ष यात्रा निघाली. गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला ती अडवली गेली. बाबा बाजेवर पडून. मेधा पाटकर आणि त्यांच्या साथीदारांचं उपोषण जानेवारीत तीन आठवडे चाललं. सीमेच्या पलीकडे धरणाच्या बाजूने जमलेली गर्दी होती, आणि तिच्या लेखी बाबा बाहेरून आलेले, आमचं पाणी अडवणारे होते. मी त्या गर्दीला खोटं म्हणत नाही. कच्छ-सौराष्ट्रातल्या बायकांनी पाण्यासाठी किती पिढ्या डोक्यावर हंडे वाहिले हे आठवलं की त्यांचा राग समजतो. पण बाबांनी तिथे दहाएक वर्षं काढली. वडिलांचा राग नंतर निवळला. शेजारी कोणी बाबांचा विषय काढला की ते एवढंच म्हणत, ‘गेले ते राहिले.’

आमिर खान एप्रिल २००६ मध्ये दिल्लीला जंतरमंतरवर गेला तो याच नर्मदेसाठी. सरदार सरोवराची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटर करायला परवानगी मिळाली होती आणि मेधाताई उपोषणाला बसल्या होत्या. आमिर धरणाविरुद्ध बोलला नाही. ज्यांची घरं बुडणार त्यांचं पुनर्वसन आधी व्हावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पुढच्या महिन्यात त्याचा ‘फना’ आला तेव्हा गुजरातच्या चित्रपटगृहांनी तो लावला नाही. पोस्टर जळले, माफीची मागणी झाली, त्याने माफी मागितली नाही. आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या खोलीतही दोन तट पडले होते. कोणी म्हणे नटाने पडद्यावर राहावं, कोणी म्हणे मर्द आहे. मी त्या वादात एकदा विचारलं की या अकरा मीटरमध्ये किती गावं येतात. कोणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. विचारायचं सुचलं तेही महिन्याभराने. धरणग्रस्तांत नंदुरबारचेही होते, म्हणजे आपल्याच महाराष्ट्राचे, हेसुद्धा त्या खोलीतल्या अर्ध्या माणसांना नवं होतं.

तेव्हापासून हे बदललेलं नाही, वेग वाढला एवढंच. ७ जानेवारी २०२० ला दीपिका पदुकोण जेएनयूमध्ये गेली, मारहाण झालेल्या विद्यार्थ्यांच्या मागे काही मिनिटं उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. तीन दिवसांनी तिचा ‘छपाक’ लागणार होता. त्याच दिवशी ‘तान्हाजी’ही लागणार होता. आमच्या नातेवाइकांच्या गटात रद्द केलेल्या तिकिटांची चित्रं फिरली, कोणता चित्रपट पाहिला म्हणजे आपण कोणत्या बाजूचे ठरतो याची भांडणं झाली. चेहऱ्यावर ॲसिड फेकलेल्या मुलीची ती कथा होती. वसतिगृहात शिरून डोकी फोडणारे कोण होते हा प्रश्न होता. दोन्ही मागे पडले. ती किती मिनिटं उभी होती आणि चित्रपटाला किती दिवस उरले होते, हा हिशेब मात्र प्रत्येकाला तोंडपाठ.

मला हा हिशेब चुकीचा वाटतो असं नाही. येणाऱ्याच्या मनात काय आहे हे विचारायचा लोकांना हक्क आहे. नाव मोठं असलं की त्याचा भाव असतो, आणि तो भाव कोणी कुठे वापरतो याची चौकशी व्हावी. पण मी पाहिलेल्या प्रत्येक वेळी त्या चौकशीत दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी सगळे घरी गेले. बसलेले बसलेलेच राहिले.

चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन जिल्ह्यांत ‘बाहेरचा’ हा शब्द फार जड आहे. गडचिरोलीत कुठेही चार गावं एकत्र बसली की कोणीतरी म्हणतंच, बाहेरचे लोक येऊन भडकवतात. हा शब्द एवढ्या वेळा ऐकला आहे की तो उच्चारताना माणूस कोणाकडे पाहतो हे मला आता कळतं. सागवान, बांबू, लोहखनिज इथून गेलं ते बाहेरच गेलं. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं तोडला गेला. ते घेऊन जाणाऱ्यांना हा शब्द लावलेला मी ऐकला नाही. आदिवासीच्या बाजूला येऊन बसणाऱ्यालाच तो चिकटतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या वेशीवरच्या शेतकऱ्यांबद्दल रिहाना या परदेशी गायिकेने एक ओळ लिहिली तेव्हा हाच शब्द देशभर घुमला. दुसऱ्या दिवशी सचिन तेंडुलकरने लिहिलं की बाहेरच्यांनी पाहावं, भाग घेऊ नये. सचिन आमच्या ताडोब्याला कितीदा येऊन गेला आहे. सफारीचे गाईड त्याच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात. त्यामुळे चंद्रपुरात त्या दिवसांत पानठेल्यावरसुद्धा रिहाना आणि सचिनच होते. केरळात त्याच्या प्रतिमेवर काळं तेल ओतलं गेलं, महाराष्ट्रात गृहमंत्र्यांनी सचिनसारख्यांच्या ट्विटांची चौकशी करण्याची भाषा केली. त्याच फेब्रुवारीच्या शेवटी चंद्रपुरात बंडू धोत्रे रामाळा तलावासाठी उपोषणाला बसले. गोंड राजवटीतला हा तलाव शहराच्या सांडपाण्याने मरत चालला होता. याच माणसाने २००९ मध्ये ताडोब्याजवळच्या लोहाऱ्याच्या प्रस्तावित कोळसा खाणीविरुद्ध १४ दिवस अन्न सोडलं होतं, आणि ती खाण झाली नाही. मी रामाळ्याच्या मांडवात जाऊन आले. ओळखीचे लोक होते, आस्था होती. परतताना बसमध्ये मात्र शेजारच्या दोन तरुणांचा वाद रिहानावरच चालू होता. उतरल्यावर रस्त्याच्या कोणत्या बाजूला मांडव आहे हेही त्यांना ठाऊक नसावं.

आणि कधी कधी नावाजलेली माणसं अशा बाजूने बोलतात की आमच्या गावांना ते झोंबतं. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर होते. शहरांत मेणबत्त्या लागल्या, चित्रपटातल्या माणसांनी हळहळ लिहिली. राळेगावकडच्या खेड्यांत फटाके वाजले, पेढे वाटले गेले. वाघीण मेल्याचं दुःख करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. जंगलात राहणाऱ्या माणसालाही वाघ हवा असतो, माडिया-गोंडांच्या देवांमध्ये वाघ आहे. पण त्या हळहळणाऱ्यांपैकी कोणी त्या तेरा घरांपैकी एखाद्या ओट्यावर जाऊन बसल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. आले असते तर वाघिणीच्या बाजूनेही बोलता आलं असतं. ऐकून घेतलं असतं. आमच्याकडे दारात आलेल्याचं ऐकून घेतात.

येऊन राहिलेल्याला आपलं म्हणण्याची एक जुनी ओळख आमच्या जिल्ह्याला आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटलं त्याआधी तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने तो भाग हलवून सोडला होता. त्या काळी त्यांच्या भजनाला जमणारी गर्दी कुठल्या नटाला मिळत नसेल. महिनाअखेरीला इंग्रजांनी त्यांना चंद्रपुरात पकडलं, नागपूरच्या आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. महाराज मूळचे अमरावतीकडच्या यावलीचे. पण चिमूरजवळच्या रामदिघी, गोंदेड्याच्या जंगलात ते पोरवयात राहून गेले होते, तिथली माणसं त्यांना गुहेत बसणारा मुलगा म्हणून ओळखत होती. माझी आजी त्याच भागातली. महाराजांच्या अटकेबद्दल ती सांगायची तेव्हा ‘आमच्या पोराला धरून नेलं’ असं म्हणायची.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाने तर बाहेरच्या माणसासाठी नीट जागाच करून ठेवली आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं हे गाव. तिथे अभ्यास मंडळ असतं. त्यात कोणीही येऊन बसावं, बोलावं, माहिती द्यावी. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा माणूस वर्षानुवर्षं त्यात बसला. पण निर्णय ग्रामसभा घेते, सर्वांच्या सहमतीने, आणि त्यात पाहुण्याचा हात नसतो. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण तिथे आले, बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. कॅमेरे आले, गेले. ग्रामसभा त्याआधीही बसत होती, नंतरही बसत राहिली. पाहुणा किती मोठा याने तिथली बैठक हलत नाही, हे मी मेंढ्यात पाहिलं.

पण मेंढ्याला हे जमायला कित्येक वर्षं लागली. सगळीकडे तेवढा वेळ मिळत नाही.

मे २०२३ मध्ये, निवृत्तीनंतरच्या माझ्या पहिल्या उन्हाळ्यात, मी तोडगट्ट्याला गेले. एटापल्ली तालुक्यात छत्तीसगडच्या सीमेजवळचं हे गाव. सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण चालूच होती. दमकोंडवाहीकडे आणखी सहा खाणी प्रस्तावित होत्या. त्या रद्द कराव्यात, ग्रामसभांना विचारल्याशिवाय काही करू नये, यासाठी ७० च्या आसपास गावं ११ मार्चपासून तिथे बसली होती. खाणीसाठी रुंद होणारा रस्ता त्यांना नको होता. शाळा आणि दवाखाना हवा होता. पस्तिशीतला माझा एक जुना विद्यार्थी तिथे होता. गट्ट्यापासून पुढे त्यानेच मला मोटारसायकलवर नेलं.

बांबूच्या आणि पानांच्या झोपड्या. एका बाजूला चुली. प्रत्येक गाव आपापला तांदूळ घेऊन येई, ठरलेले दिवस बसे, मग दुसरं गाव येई. शेती सुटू नये, तेंदूपत्त्याचं काम बुडू नये आणि मांडव रिकामा राहू नये, म्हणून ही बारी लावलेली. तिची वही माझ्या विद्यार्थ्याकडे होती. डाव्या बाजूला गावाचं नाव, मग तारखा, मग माणसं, मग तांदूळ. त्याचं अक्षर मी लावलेलं. पाय मोडके नव्हते, वेलांट्या नीट होत्या. ते पाहून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

रात्री रेलाची गाणी झाली. ती थांबल्यावर चार-पाच पोरं माझ्याभोवती बसली. त्यातल्या एकाने विचारलं, ‘मॅडम, कोनाला बोलवलं तं टीव्हीवाले येतीन?’ दोन महिने झाले होते, वर्तमानपत्रांत थोडं आलं होतं, दूरच्या शहरातल्या काही लोकांनी लिहिलं होतं. पण पडद्यावरचा कोणी तिथे आल्याचं माझ्या कानावर नव्हतं. रेंज नव्हती, त्यामुळे बाहेर कोण काय म्हणतं हेही त्यांना दोन दोन दिवसांनी कळे. मला रस्त्यावरची ती अभिनेत्री आठवली. मी पोरांना खरं काय ते सांगितलं. मोठं माणूस आलं की दोन दिवस नाव होतं. मग लोक त्याच्याबद्दलच बोलतात, तुमच्याबद्दल नाही. इथे आला तर त्याला नक्षलवाद्यांचा माणूस म्हणतील, तुम्हालाही म्हणतातच. पोरं ऐकत होती. त्यातला एक म्हणाला, ‘पन आला तं पाहीन तं कोनी.’ मग मला गप्प बसवेना. मी वही मागितली आणि शेवटच्या पानावर दोन नटांची आणि एका क्रिकेटपटूची नावं लिहिली. पत्र लिहून पाहू म्हटलं. पोरं त्या नावांवरून आपसांत बोलायला लागली, कोण येईल, कोण येणार नाही.

मागे एक वयस्क माणूस बिडी ओढत बसला होता, त्या पट्टीतल्या कुठल्याशा गावचा. त्याने माडियात काहीतरी विचारलं. पोरं थांबली. माझ्या विद्यार्थ्याने मला सांगितलं, ‘ते विचारतात, हे तिघं आले तर त्यांची बारी कोनत्या गावासोबत लावाची?’

कोणी हसलं नाही. प्रश्न कामाचा होता. मांडवात जो येईल तो कुठल्या तरी गावाच्या चुलीवर जेवणार, कुठल्या तरी गावाच्या झोपडीत निजणार. मग त्याच्यावर बराच वेळ बोलणं झालं. एका गावातले बरेच पुरुष तेलंगणात मिरची तोडायला गेलेले होते, त्यांच्या बारीला माणसं कमी पडत होती. दुसऱ्या गावाने मागच्या खेपेला तांदूळ कमी आणला होता. म्हाताऱ्याचं म्हणणं होतं की नवीन माणसं कमी माणसांच्या गावाला द्यावीत. तिघांना एकाच गावात देऊ नये, त्या गावावर भार होतो. माझा विद्यार्थी लिहीत होता.

पत्रं मी घरी आल्यावर टाकली. उत्तरं आली नाहीत. नोव्हेंबरात पोलिसांनी मांडव उठवला, काहींना ताब्यात घेतलं. कामात अडथळा आणला असं पोलिसांचं म्हणणं होतं, शांतपणे बसलो होतो असं गावांचं. झोपड्या मोडल्या. त्या दिवसांत माझा विद्यार्थी सापडत नव्हता, पुढे बऱ्याच दिवसांनी तो एकदा सिंदेवाहीला घरी आला. जेवला, माझ्या नातवंडांशी बोलला. जाताना पिशवीतून वही काढून म्हणाला, ‘हे तुमच्याकडे असू द्या मॅडम, माझ्याकडे राहील का नाही काय माहीत.’

वही माझ्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर माझ्या अक्षरातली ती तीन नावं. प्रत्येकासमोर त्याने गाव लिहिलं आहे, तीन वेगळी गावं. तारखेचा रकाना मोकळा आहे. शेवटच्या रकान्यात माणशी तांदूळ लिहिलेला आहे, बाकी सगळ्यांना होता तेवढाच.